पर्यावरण आणि अर्थव्यवस्था एकत्र मांडणारी मॉडेल्स व विकसनशील देशांची धोरणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नियोजन खात्यांतले अधिकारी, अर्थशास्त्राचे विद्यार्थी, पत्रकार आणि संस्थांचे कार्यकर्ते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढे गुंता वाढत जातो. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दोन उत्तरं एकमेकांत शिरतात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एकात्मिक मॉडेल म्हणजे नेमकं काय? साध्या भाषेत सांगाल का?

अर्थव्यवस्थेची समीकरणं एकीकडे, पाणी-माती-जंगल-हवेची समीकरणं दुसरीकडे, आणि दोन्हींना जोडणारे दुवे मध्ये. खरी किंमत या दुव्यांचीच. शेती पाणी उपसते, हा एक दुवा. पाण्याची पातळी खाली गेली की उपशाचा खर्च वाढतो, हा परतीचा दुवा. अनेक अहवालांमध्ये पहिला असतो आणि दुसरा गायब असतो. तशा मॉडेलला एकात्मिक म्हणू नये.

एक उदाहरण हातात घेऊन पाहू. एक हेक्टर पिकाला हंगामात ६०० मिलिमीटर पाणी दिलं, तर ते होतं ६,००० घनमीटर. हे पाणी २० मीटर खोलीवरून, ४० टक्के कार्यक्षमतेच्या पंपाने उचलायला साधारण ८१७ युनिट वीज लागते. पातळी ६० मीटरवर गेली की तेवढ्याच पाण्याला सुमारे २,४५० युनिट. पीक तेच, उत्पादनही तेच. शेती खात्याच्या तक्त्यात काहीच हललेलं नाही. वीजपुरवठा करणाऱ्यांकडे मागणी तिप्पट झालेली, वीज अनुदानावर असेल तर अर्थ खात्याचा बोजा तिप्पट, आणि भूजल खात्याकडे घसरलेल्या पातळीची नोंद. चारही तक्ते बरोबर आहेत, पण ते चार वेगवेगळ्या इमारतींत आहेत. एकात्मिक मॉडेल त्यांना एका हिशोबात आणतं.

२. जीडीपीचा आकडा मिळतोच की. मग हा वेगळा खटाटोप कशाला?

जीडीपी वर्षभराचं उत्पादन मोजतो. ते करताना साठ्यातून किती गेलं, हे त्यात वजा होत नाही. जंगल तोडून लाकूड विकलं की उत्पन्न दिसतं, पण जंगल कमी झाल्याची नोंद कुठेच होत नाही.

याचं अजूनही सांगावं असं उदाहरण इंडोनेशियाचं आहे. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रेपेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९७१ ते १९८४ या काळात इंडोनेशियाची अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी ७.१ टक्क्यांनी वाढली होती. त्यांनी त्यातून खनिज तेल, लाकूड आणि जावा बेटावरची मातीची धूप, एवढ्या तीनच गोष्टींची झीज वजा केली. उरले ४ टक्के. मासे, कोळसा, जैवविविधता हे काहीही त्या हिशोबात नव्हतं.

हे मात्र मागे वळून केलेलं लेखांकन होतं. मॉडेल पुढे पाहतं: धोरण बदललं तर हा साठा आणि हे उत्पन्न दोन्ही कुठे जातील? लेखांकन पाया, मॉडेल त्यावरची इमारत. पायाबद्दल प्रश्न ५ पाहा.

३. प्रदूषण श्रीमंत देशांनी केलं. मग असल्या मॉडेल्सचं ओझं आमच्यावर का?

तक्रार रास्त आहे आणि जुनीही आहे. १९७२ मध्ये जगाच्या वाढीला मर्यादा असल्याचं सांगणारं एक जागतिक मॉडेल गाजलं. अर्जेंटिनातल्या बारिलोचे फाउंडेशनच्या अभ्यासकांना त्यातली मांडणी पटली नाही. अमिल्कार हेरेरा यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वतःचं मॉडेल उभं केलं आणि १९७६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांनी प्रश्नच बदलला: जगातल्या प्रत्येकाच्या अन्न, घर, शिक्षण, आरोग्य या मूलभूत गरजा भागवायच्या तर साधनं कशी वाटावी लागतील? मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. प्रश्न कोण ठरवतं यावर मॉडेलचं उत्तर बेतलेलं असतं, हे त्यांनी करून दाखवलं.

आता ओझ्याबद्दल. ज्या देशात लोकांची रोजीरोटी थेट पावसावर, मातीवर, माशांवर अवलंबून आहे, तिथे निसर्गाची झीज म्हणजे उत्पन्नातलीच घट. जागतिक बँकेच्या २०२१ च्या एका अभ्यासात परागीभवन, सागरी मासेमारी आणि उष्ण कटिबंधातल्या जंगलांचं लाकूड अशा मोजक्या सेवा कोसळल्या तर काय होईल हे तपासलं होतं. २०३० मध्ये जगाच्या जीडीपीत सुमारे २.७ लाख कोटी डॉलरची घट दिसली. सर्वात गरीब देशांच्या गटात घट १० टक्क्यांच्या घरात होती. त्यामुळे हा हिशोब गरीब देशांनी स्वतःच्या गरजेपोटी करायचा आहे, कोणाच्या दडपणापोटी नाही.

४. किती प्रकारची मॉडेल्स असतात आणि आम्ही कोणतं घ्यावं?

सर्वात जुनी आदान-प्रदान सारणी. एका उद्योगाला दुसऱ्याकडून काय लागतं, याचा तक्ता. वासिली लिऑन्टिफ यांनी १९७० मध्ये त्यात प्रदूषणाची ओळ जोडून दाखवली. त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. ही सारणी पटकन होते, पण तिच्यात किमती बदलल्यावर माणसं वागणं बदलत नाहीत.

ती उणीव सीजीई, म्हणजे सगळ्या बाजारांतला मागणी-पुरवठ्याचा समतोल संगणकावर एकत्र काढणारं मॉडेल, भरून काढतं. त्यात किमती हलतात, कुटुंबं खर्च बदलतात, उद्योग कामगार आणि भांडवल इकडचं तिकडे नेतात. कर, अनुदान, व्यापार यांबद्दलचे प्रश्न बहुधा इथे येतात. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेत तयार झालेलं आयईईएम याच जातीचं: सीजीईला पर्यावरणीय लेखे आणि परिसंस्थांचं मॉडेल जोडलेलं. ग्वाटेमालासाठी त्याचा वापर झाला आहे.

सिस्टिम डायनॅमिक्समध्ये साठे, प्रवाह आणि त्यांची उलटसुलट साखळी मध्यवर्ती असते. मिलेनियम इन्स्टिट्यूटचं थ्रेशोल्ड २१ हे याचं प्रसिद्ध रूप. लांब पल्ल्याच्या विकास आराखड्याला ते सोयीचं पडतं. शिवाय ऊर्जेसाठी लीप, पाण्यासाठी वीप, परिसंस्थांच्या नकाशांसाठी इनव्हेस्ट अशी विषयवार साधनं आहेत. विल्यम नॉर्डहाउस यांचं डाइस हे हवामानबदलाचं जागतिक मॉडेल. त्याने बरंच वैचारिक काम केलं, पण एका देशाच्या सिंचन धोरणाला त्याचा उपयोग नाही.

निवड कशी करावी? प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात 'किंमत', 'कर', 'अनुदान' हे शब्द आले तर सीजीई. 'किती वर्षांत संपेल', 'पुन्हा भरेल का' असं आलं तर सिस्टिम डायनॅमिक्स. 'कुठल्या उतारावर, कुठल्या खोऱ्यात' असं आलं तर नकाशावर चालणारं मॉडेल. दोन प्रकारचे शब्द एकाच वाक्यात आले तर दोन मॉडेल्स जोडावी लागतील, आणि वेळ दुपटीहून जास्त लागेल.

५. आमच्याकडे आकडेवारीच धड नाही. मग मॉडेल कशावर उभं करायचं?

आकडे पूर्ण होण्याची वाट पाहत बसलात तर ते कधीच पूर्ण होत नाहीत. गरज नसलेली माहिती गोळा करण्यातच वर्षं जातात. आधी कच्चं मॉडेल मांडा. कुठल्या आकड्याने उत्तर सर्वात जास्त हलतं, ते तेच दाखवेल. मग तो आकडा मिळवायला पैसे आणि माणसं लावा.

चौकट मात्र स्वतःची शोधू नका. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१२ मध्ये एसईईए ही पर्यावरणीय-आर्थिक लेख्यांची मध्यवर्ती चौकट मान्य केली आणि २०२१ मध्ये परिसंस्थांच्या लेख्यांची भर घातली. राष्ट्रीय उत्पन्नाचे लेखे ज्या व्याख्या आणि उद्योगांचं जे वर्गीकरण वापरतात, तेच इथेही आहे. त्यामुळे पाण्याचा लेखा आणि उद्योगांचा लेखा शेजारी ठेवला की ओळी जुळतात. भारताच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०१८ पासून 'एन्व्हिस्टॅट्स इंडिया' मध्ये असे लेखे टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. सगळे लेखे एकदम करायला घेऊ नयेत. ज्या देशात पाणी हा प्रश्न आहे त्याने पाण्यापासून आरंभ करावा.

अर्थव्यवस्थेच्या बाजूने सामाजिक लेखा सारणी लागते, जिला सगळे 'सॅम' म्हणतात. प्रत्येक खात्यात आलेला पैसा आणि गेलेला पैसा सारखा आला पाहिजे, हा तिचा नियम. ही सारणी जुळवताना देशाच्या आकड्यांतल्या विसंगती जशा उघड्या पडतात, तशा दुसऱ्या कशानेही पडत नाहीत.

६. नदीची, जंगलाची किंमत पैशात करायचीच का? आम्हाला ते पटत नाही.

करायलाच हवी असं नाही. बहुतेक चांगल्या मॉडेल्समध्ये पाणी घनमीटरमध्ये, माती टनांत, जंगल हेक्टरमध्येच राहतं. धूप वाढली की शेतीची उत्पादकता अमुक इतकी घटते, एवढा दुवा दिला की अर्थव्यवस्थेवरचा परिणाम आपोआप पैशात उमटतो. जंगलाला स्वतंत्र किंमत लावावी लागत नाही.

ज्या गोष्टींचं मोल बाजारात नाही आणि असूही नये, उदाहरणार्थ एखाद्या समाजाची पूजास्थळं किंवा एखाद्या प्रजातीचं अस्तित्व, त्या मर्यादा म्हणून घालाव्यात: या रेषेच्या आत हात लावायचा नाही, आता उरलेल्यात उत्तम मार्ग शोधा. मॉडेल ती मर्यादा पाळून उत्तर काढतं आणि मर्यादा पाळण्याचा खर्चही सांगतं. खर्च सांगितला म्हणजे ती गोष्ट विकायला काढली, असं होत नाही.

७. अशा मॉडेलमुळे कुठे खरोखर धोरण बदललं आहे का?

दोन प्रकरणं मी नेहमी सांगतो.

पहिलं मॉरिशसचं. युरोपच्या बाजारातली साखरेची सवलत संपत आली, तेव्हा उसापासून इथेनॉल करावं हा विचार पुढे आला. ऊर्जेच्या हिशोबात तो चोख बसत होता: तेलाची आयात कमी, उत्सर्जन कमी. मग हवामान, जमीन, ऊर्जा आणि पाणी ही चार मॉडेल्स एकमेकांना जोडून पाहिली गेली. क्लूज या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत. तिचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस घटला तर उसाला सिंचन जास्त लागणार. ते पाणी पंपाने आणायचं किंवा समुद्राचं पाणी गोडं करून मिळवायचं, म्हणजे वीज. आणि वाढीव वीज कोळशातून येणार असेल तर इथेनॉलने वाचवलेलं उत्सर्जन तिथे परत निघून जातं. ऊर्जेचं मॉडेल एकटं पाहिलं असतं तर हे कधीच कळलं नसतं. यातून उसाला बंदी असा निष्कर्ष निघत नाही. वीज कशातून करायची, हे आधी ठरवा, असा निघतो.

दुसरं पुन्हा इंडोनेशियाचं. तिथल्या नियोजन मंत्रालयाने, बाप्पेनासने, २०१९ मध्ये कमी कार्बनच्या विकासाचा अहवाल मांडला. त्यामागे सिस्टिम डायनॅमिक्सचं मॉडेल होतं. जंगल, पाणी आणि हवेची झीज वाढीला हळूहळू खाली ओढते, हा परतीचा दुवा त्यात होता. तो असल्यामुळेच कमी कार्बनच्या मार्गावर २०४५ पर्यंत वर्षाला सरासरी ६ टक्के वाढ आणि २०३० पर्यंत धोरण न बदलल्यास होणाऱ्या उत्सर्जनाच्या तुलनेत सुमारे ४३ टक्के कपात, हे एकत्र दिसू शकलं. हा विचार २०२०-२०२४ च्या पंचवार्षिक आराखड्यात गेला. पूर्वी वाढ की पर्यावरण असा वाद व्हायचा. इथे अर्थाची भाषा बोलणाऱ्या मंत्रालयानेच पर्यावरणाचा आकडा पुढे केला. प्रत्यक्ष अंमलबजावणी हा पुढचा आणि कठीण भाग; मॉडेल तो करू शकत नाही.

८. एकाच धोरणावर दोन मॉडेल्स उलटी उत्तरं देतात. खरं कोणतं मानायचं?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं. मॉडेलमध्ये काय आधीच ठरलेलं धरायचं आणि काय हलू द्यायचं, ही ती निवड. तिला क्लोजर म्हणतात.

समजा सरकार मोठा वनीकरण कार्यक्रम घेतं. पहिल्या मॉडेलमध्ये असं धरलंय की सगळ्यांना आधीच काम आहे. मग वनीकरणाला लागणारे मजूर शेतीतून खेचले जातात, मजुरी चढते, धान्य महागतं, जीडीपी जागच्या जागी. दुसऱ्यात धरलंय की बेकार हात उपलब्ध आहेत आणि मजुरी स्थिर आहे. तोच कार्यक्रम, तीच आकडेवारी, आणि रोजगार वाढतो, उत्पन्न वाढतं. दोन्हींत गणिताची चूक नाही.

अमर्त्य सेन यांनी १९६३ मध्येच हे स्वच्छ दाखवलं होतं. गुंतवणूक आधीच ठरलेली, पूर्ण रोजगार, मजुरी उत्पादकतेइतकी, आणि बचत-गुंतवणूक समान, या सगळ्या अटी एकाच मॉडेलमध्ये एकदम पाळता येत नाहीत. एक सोडावी लागते. कोणती सोडली, यावर निष्कर्ष ठरतो.

तेव्हा अहवाल हातात आला की आधी निष्कर्षाचं पान उघडू नका. तीन गोष्टी शोधा: रोजगाराबद्दल काय धरलंय, कार्यक्रमाचा पैसा करातून येतोय की कर्जातून की परकीय मदतीतून, आणि चालू खात्याचं, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या व्यापार-देण्याघेण्याच्या हिशोबाचं, काय केलंय. या तिन्ही गोष्टी परिशिष्टात दडलेल्या असतात किंवा लिहिलेल्याच नसतात. लिहिलेल्या नसतील तर तो अहवाल परत पाठवायला हरकत नाही. वटाव दरामुळे, म्हणजे पुढच्या काळातला लाभ किंवा नुकसान आजच्या मोलात मांडताना दरवर्षी जेवढं कमी धरतात त्या दरामुळे, पडणारा फरक वेगळा, तो प्रश्न ९ मध्ये.

९. वटाव दर कमी-जास्त केला तर एवढा फरक का पडतो?

कारण तो वर्षागणिक स्वतःवरच चढत जातो. ५० वर्षांनी होणारं १०० एवढं नुकसान आज किती मानायचं? दर २ टक्के असेल तर सुमारे ३७. ५ टक्क्यांना ९ पेक्षाही कमी. १० टक्क्यांना १ सुद्धा नाही. म्हणजे १० टक्के दर धरून बसलात तर नातवंडांच्या काळातला दुष्काळ हिशोबातून जवळजवळ पुसला जातो.

विकसनशील देशांत भांडवल दुर्मिळ असतं, म्हणून प्रकल्पांना चढा दर लावण्याची रीत आहे, आणि तिच्यामागे तर्क आहे: आज भुकेल्या माणसाला आजचं अन्न उद्याच्या अन्नापेक्षा मोलाचं. पण तोच दर न भरून येणाऱ्या नुकसानाला लावणं मला मान्य नाही. एकच दर निवडून वाद मिटवण्यापेक्षा तीन दरांवर निकाल शेजारी शेजारी छापा. निर्णय दराप्रमाणे उलटत असेल तर तो मूल्यांचा प्रश्न आहे. तो लोकप्रतिनिधींसमोर उघडपणे जाऊ दे, तज्ज्ञाच्या फाइलमध्ये सुटू नये.

१०. असंघटित कामं, सरपण, बायकांचं बिनपगारी श्रम हे मॉडेलमध्ये येतं का?

आपोआप येत नाही. आणावं लागतं, आणि न आणल्यास धोरण उलटतं.

स्वयंपाकाच्या गॅसचं अनुदान काढण्याचं पाहा. मॉडेलमध्ये 'सरासरी कुटुंब' असेल तर निकाल सुरेख दिसतो: तिजोरीवरचा भार हलका, इंधनाचा वापर कमी, उत्सर्जन कमी. कुटुंबांचे पाच गट पाडा आणि गरीब गटांना सरपणाचा पर्याय द्या. आता गॅस महाग होताच खालचे गट चुलीकडे परततात. जंगलावरचा ताण वाढतो, मोळी आणायला बाईचे तास जातात, घरात धूर कोंडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख मृत्यू झाले. हा भार सरासरीच्या मॉडेलला दिसतच नाही.

वेळेच्या वापराची पाहणी असेल तर बिनपगारी श्रम हे वेगळं खातं म्हणून सॅममध्ये घालता येतं. पाहणी नसेल तर निदान सरपणाचा भौतिक लेखा तरी ठेवा.

११. परदेशी सल्लागारांकडून मॉडेल करून घेतलं तर चालेल का?

करून घ्यायला हरकत नाही. चालवायला मात्र आपली माणसं हवीत. मी एका खात्यात प्रशिक्षणाला गेलो होतो. आधीच्या प्रकल्पातलं मॉडेल दाखवा म्हटलं तर एक जाडजूड अहवाल पुढे आला. मूळ फाइल एका बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या लॅपटॉपवर होती आणि सॉफ्टवेअरचा परवाना प्रकल्पाबरोबरच संपला होता. दोन वर्षांच्या कामातलं एक समीकरणही उघडून पाहता येत नव्हतं. तिथल्या तरुण सांख्यिकी अधिकाऱ्याला ते शिकायचं होतं, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

करारातच लिहून घ्या: सगळी समीकरणं आणि आधारसामग्री खात्याच्या मालकीची, प्रत्येक गृहीतकाची कारणासह नोंद, आणि देशातल्या किमान तीन जणांनी सल्लागाराच्या मदतीशिवाय मॉडेल एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून दाखवल्याखेरीज शेवटचा हप्ता नाही. तीन यासाठी की एकाची बदली होते आणि एक नोकरी सोडतो. विद्यापीठाला सोबत घेतलं तर मॉडेल बदल्यांच्या पलीकडे टिकतं.

१२. मॉडेलचा अंदाज चुकला तर? मंत्र्यांना अनिश्चितता कशी सांगायची?

एकच आकडा देऊ नका, किमान ते कमाल असा पट्टा द्या, आणि त्यासोबत 'कोणत्या परिस्थितीत दुसरा पर्याय पहिल्याला मागे टाकतो' हे सांगा. पर्यायांचा क्रम बहुतेक गृहीतकांवर टिकून राहत असेल तर आकडा हलला तरी निर्णय हलत नाही. क्रमच हलत असेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. शिवाय मॉडेल मागच्या दहा वर्षांवर चालवून पाहा. घडून गेलेलं त्याला सांगता येत नसेल तर पुढचं विचारू नये.

१३. निसर्ग अचानक कोसळतो. हे मॉडेल्सना कळतं का?

सीजीईला सहसा नाही. त्यातले वक्र गुळगुळीत असतात: थोडं पाणी कमी, थोडं उत्पादन कमी. मध्य आशियातल्या अरल समुद्राचं, जो खरं तर एक विशाल तलाव, तसं झालं नाही. १९६० मध्ये तो जगातला चौथ्या क्रमांकाचा तलाव होता. त्याला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी मुख्यतः कापसाकडे वळवलं. पाणी आटलं तशी क्षारता चढत गेली आणि मासेमारी संपली. त्याच्या काठावरचं मुयनाक हे बंदर होतं. आता तिथे वाळवंटात गंजलेल्या बोटी उभ्या आहेत. उघड्या पडलेल्या तळातून खारट धूळ उडायला लागली. कापसाचं उत्पन्न वाढत असताना हिशोब बरोबरच दिसत होता.

जिथे असा उंबरठा असण्याची शक्यता आहे तिथे तो परिसंस्थेच्या मॉडेलमध्ये वेगळा मांडावा आणि अर्थव्यवस्थेच्या मॉडेलला मर्यादा म्हणून द्यावा, जसं प्रश्न ६ मध्ये सांगितलं. उंबरठा नक्की कुठे आहे हे ठाऊक नसेल तर सुरक्षित बाजूला राखीव अंतर सोडा.

१४. मॉडेल वापरूच नये, अशी परिस्थिती असते का?

असते. विहिरीत आर्सेनिक सापडलं तर ती विहीर आज बंद करायची आणि पर्यायी पाणी द्यायचं. लाभ-खर्चाच्या अभ्यासासाठी थांबायचं नाही. ज्या जमिनीवरच्या हक्काचा निवाडा कायद्याने व्हायचा आहे तिथेही मॉडेलला बोलण्याचा अधिकार नाही. लोकांची संमती लागत असेल तर ती समीकरणातून मिळत नाही.

तिसरी परिस्थिती ओळखायला अवघड जाते: निर्णय झालेला आहे आणि त्यावर शिक्का हवा आहे. पहिल्या बैठकीतच मी विचारतो की कोणता निकाल आला तर तुम्ही हा प्रकल्प सोडाल, आणि ते उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगतो. कुणी एक आकडा सांगतं, कुणी एक परिस्थिती सांगतं, आणि मग काम सुरू होतं. सांगायला कोणीच तयार नसेल तर मी तो पैसा पर्जन्यमापक आणि भूजल निरीक्षण विहिरींवर खर्च करायला सुचवतो. त्या नोंदी पुढच्या सरकारलाही लागतील.